खानदेशच्या उन्हाळ्यात प्रवाळांची टाकी आणि पाण्याचे गणित

घरातल्या टाकीत प्रवाळ वाढवू पाहणारा माणूस सहसा पहिला प्रश्न कॅल्शियमविषयी विचारतो आणि दुसरा सामूविषयी (पीएच). पाण्याच्या पातळीविषयी फारसे कोणी विचारत नाही. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात हा क्रम कदाचित चालून जात असेल, परंतु जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर टेकतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते, तिथे टाकीतल्या रसायनांची रोजची सर्वांत मोठी उलथापालथ बाष्पीभवनाने होते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. बाकीचे सगळे आकडे या एका घटनेवर अवलंबून असल्यामुळे या लेखात मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

माझी टाकी जळगावात आहे. खालचा संप, म्हणजे तिला जोडलेली पंप आणि गाळणीची छोटी टाकी, धरून तिच्यात साधारण 200 लिटर पाणी असते. पृष्ठभागावर पंखा लावल्यावर भर उन्हाळ्यात दिवसाला चार ते पाच लिटर पाणी उडते. समुद्राच्या पाण्याची सर्वसाधारण क्षारता हजार भागांत 35 भाग, म्हणजे 35 पीपीटी, एवढी असते. 200 लिटरमधून पाच लिटर शुद्ध पाणी गेले की ती 35.9 होते आणि दुसऱ्या दिवशीही पाणी भरले नाही तर 36.8 वर जाते. त्यानंतर आठवण होऊन कोणी एकदम दहा लिटर पाणी ओतले, तर हीच क्षारता काही मिनिटांत पुन्हा 35 वर येते. खुल्या समुद्रात प्रवाळाच्या वाट्याला एवढा वेगवान चढउतार सहसा येत नाही. क्षारतेबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) यांचे आकडेही त्याच प्रमाणात वर-खाली होत असतात, त्यामुळे पातळी खाली गेलेली असताना केलेली कोणतीही चाचणी चुकीच्या पायावर उभी असते.

बाष्पीभवनाला शत्रू मानण्याचे मात्र कारण नाही, कारण आपल्याकडे टाकी गार ठेवण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता पाण्यातून निघून जाते. पाच लिटरचा हिशेब केला तर ती उष्णता दिवसाला तीन युनिटांहून अधिक भरते, आणि हे काम चार-पाच वॉटचा एक छोटा पंखा करून देतो. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेण्याची ऐपत असेल तर घ्यावा, पण तो टाकीतली उष्णता खोलीतच सोडतो, हे लक्षात ठेवावे. बंद खोलीत त्याने सुटलेला प्रश्न निम्मा तिथेच परत येतो. प्रवाळांना 25 ते 27 अंश सेल्सिअस मानवते आणि तापमान 29-30 च्या पुढे काही दिवस राहिले की त्यांच्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर पडू लागून ते फिकट दिसू लागतात.

इथे आपल्याकडच्या घरांची एक अडचण सांगणे आवश्यक आहे. खानदेशात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर हवेत ओलावा सोडतो. कूलर चालू असलेल्या खोलीत माणसाला बरे वाटते, परंतु हवा दमट झाल्यामुळे टाकीवरच्या पंख्याचा परिणाम बराच कमी होतो. दिवाणखाना 30 अंशांवर आणि टाकी 29 अंशांवर, अशी विचित्र अवस्था मी अनेकांच्या घरी पाहिली आहे. त्यापेक्षा कूलर नसलेल्या, उत्तरेकडच्या, दुपारच्या उन्हापासून दूर असलेल्या खोलीत टाकी ठेवली तर हवा जास्त तापलेली असूनही पाणी अधिक गार राहते, कारण हवा कोरडी असते. पाहुण्यांना टाकी दिसावी म्हणून ती दिवाणखान्यात ठेवण्याचा मोह आवरता आला पाहिजे.

आता उडालेल्या पाण्याच्या जागी कोणते पाणी भरायचे, हा प्रश्न. उडते ते शुद्ध पाणी, म्हणून भरायचेही शुद्धच. खारे पाणी भरले तर मीठ साठत जाईल. शुद्ध या शब्दाचा अर्थ इथे पिण्यायोग्य असा नाही. आपल्या भागातल्या अनेक बोअरवेलचे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, लिटरला 800-900 मिलिग्रॅमच्या घरात असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालते आणि केळी-कापसाच्या शेतांना वर्षानुवर्षे रासायनिक खते दिलेल्या परिसरातल्या भूजलात ते काही ठिकाणी याहूनही जास्त आढळते. मर्यादेच्या आतले, म्हणजे बरोबर 45 चे पाणी दररोज पाच लिटर याप्रमाणे महिनाभर 200 लिटरच्या टाकीत भरले, तर टाकीतले नायट्रेट केवळ त्या पाण्यामुळे जवळजवळ 34 पीपीएमने (दहा लाखांत 34 भाग) वाढते. ज्या टाकीत ते दहाच्या आत ठेवायचे असते, तिथे हे प्रमाण किती मोठे आहे, हे वेगळे सांगायला नको.

स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणीही थेट वापरू नये. त्यातल्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा खनिजांचे कार्ट्रिज असते आणि ते थोडे कच्चे पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळते. वीस लिटरच्या जारचे पाणी त्याच कारणाने बाद. आरओच्या पडद्याने साधारण 95 टक्के क्षार अडतात असे धरले, तरी 900 टीडीएसच्या पाण्यातून 45 टीडीएसचे पाणी बाहेर येते, आणि नायट्रेट त्या पडद्यातून इतर क्षारांपेक्षा जास्त सहजपणे निसटते. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, एक टप्पा लावून टीडीएस मीटरवर शून्य येईल अशी व्यवस्था करावी लागते. बोअरच्या पाण्यावर हे रेझिन लवकर संपते. वाघूर धरणाचे नळाचे पाणी त्या मानाने सौम्य असल्यामुळे त्यावर बरेच दिवस टिकते. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात याचा अर्थ असा, की पाणी येईल त्या दिवशी आरओ चालवून झाकणाच्या ड्रममध्ये पन्नास-साठ लिटर साठवून ठेवायचे. आरओमधून वाया जाणारे पाणी तयार होणाऱ्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट असते. ते फरशी पुसण्यासाठी आणि संडासासाठी वापरावे, कूलरमध्ये मात्र घालू नये, कारण त्यातल्या क्षारांनी कूलरच्या जाळ्या पांढऱ्या होऊन बुजतात.

पाणी भरण्याचे काम माणसाच्या आठवणीवर सोडू नये. संपमध्ये पातळी ओळखणारा सेन्सर आणि त्याला जोडलेला छोटा पंप, ज्याला या छंदातले लोक एटीओ म्हणतात, तो थोडे-थोडे पाणी दिवसभर टाकत राहतो आणि क्षारता जागची हलत नाही. एकच दक्षता घ्यावी: त्या पंपाच्या भांड्यात वीस लिटरपेक्षा अधिक पाणी ठेवू नये. सेन्सर अडकला आणि सगळे पाणी एकदम टाकीत गेले, तरी क्षारता 35 वरून 32 च्या आसपास येऊन थांबते. हा धक्का वाईट असतो, पण बहुतेक जीव त्यातून वाचतात. शंभर लिटरचे पिंप थेट जोडलेले असेल, तर वाचण्याची फारशी आशा नसते.

क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारे उपकरण, पुरेसा असतो, मात्र तो शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो एवढ्यावर विश्वास ठेवू नये. बाजारातली अनेक उपकरणे खरे तर मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्यातून प्रकाश थोडा वेगळा वळतो. यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे. 36.5 ग्रॅम कोरडे मीठ 963.5 ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाचा अपवर्तनांक 35 पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याएवढा असतो. त्या द्रावणाचा थेंब टाकून स्क्रूने रेषा 35 वर आणावी. सोनाराचा नाही, पण अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक असा काटा एवढ्यासाठी जवळ असलेला बरा.

समुद्राच्या पाण्यातले मुख्य क्षार जगभर जवळजवळ एकाच प्रमाणात असतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच लक्षात आली होती. 1872 ते 1876 या काळात जगाचे समुद्र पालथे घालणाऱ्या चॅलेंजर जहाजाने आणलेल्या 77 नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिट्मार यांनी करून 1884 मध्ये ते पक्के केले. आपण बादलीतून जे तयार समुद्री मीठ घेतो, त्याच्या मागे हेच प्रमाण आहे: 35 पीपीटीला कॅल्शियम सुमारे 410-420 पीपीएम, मॅग्नेशियम सुमारे 1280-1300 पीपीएम आणि अल्कलिनिटी साधारण 7 डीकेएच (हे अल्कलिनिटी मोजण्याचे एकक). टाकीत अल्कलिनिटी 7 ते 9 च्या दरम्यान कुठेही ठेवावी. कोणता आकडा निवडला यापेक्षा तो रोज तोच राहतो का, याला जास्त महत्त्व आहे, आणि हे माझे मत दर वर्षी अधिकच पक्के होत चालले आहे. साडेसातवर ठाम असलेली टाकी मी निवांतपणे पाहू शकतो. आठ, दहा, सात असे झोके घेणारी टाकी सरासरीने चांगली असली तरी तिच्यातले प्रवाळ आक्रसलेलेच दिसतात.

या तिन्हींपैकी सर्वांत आधी हलते ती अल्कलिनिटी, आणि त्याचे कारण गणितात आहे. प्रवाळ, गोगलगाई आणि काचेवर व दगडांवर जांभळट-गुलाबी थर देणारे चुनखडीयुक्त शैवाल कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा तयार करतात, तेव्हा दर 2.8 डीकेएच अल्कलिनिटीमागे ते 20 पीपीएम कॅल्शियम वापरतात. 420 मधून वीस गेले तर चाचणीच्या अचूकतेत ते दिसेल-न दिसेल, पण आठमधून 2.8 गेले तर एक तृतीयांशाहून जास्त साठा संपलेला असतो. म्हणून कॅल्शियमची चाचणी दोन आठवड्यांनी आणि मॅग्नेशियमची महिन्याने केली तरी चालते, अल्कलिनिटीची मात्र आठवड्यातून दोनदा तरी, आणि नेहमी एकाच वेळी, करावी. मॅग्नेशियमचे काम वेगळे आहे. कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात एकमेकांना भेटून आपोआप घट्ट होऊ नयेत, यासाठी ते आड येते. मॅग्नेशियम 1200 च्या खाली घसरलेल्या टाकीत कितीही कॅल्शियम आणि सोडा घातला तरी दोन्ही आकडे वर येत नाहीत आणि पंपाच्या आत पांढरी पुटे चढत जातात. पाणी गरम असेल तर ही पुटे लवकर चढतात, त्यामुळे उन्हाळ्यात पंप व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करण्याची पाळी अधिक वेळा येते.

अल्कलिनिटीची चाचणी करताना मी ज्या एका गोष्टीवर भर देतो ती अशी. साध्या थेंबांच्या किटमध्ये पाच मिलिलिटर पाण्याला एक थेंब म्हणजे एक डीकेएच, असे माप असते. एवढ्या जाड मापाने टाकी स्थिर आहे की नाही, हे समजणारच नाही. त्याऐवजी दहा मिलिलिटर पाणी घ्यावे, म्हणजे एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो. सिरिंजने ओठ न लावता पाणी ओढावे, बुडबुडा राहिला असेल तर सिरिंज उलटी धरून टिचकी मारून तो घालवावा, बाटली सरळ उभी धरून थेंब सोडावा आणि प्रत्येक थेंबानंतर नळी हलवावी. निळे पाणी आधी हिरवट होते. इथे अनेक जण थांबतात. खरा शेवट पुढच्या थेंबाला स्वच्छ पिवळ्या रंगाने येतो. पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात पाहिले तर शंका राहत नाही. ही किट मे महिन्यात गच्चीलगतच्या कपाटात ठेवली तर मुदतीआधीच बिघडतात, म्हणून घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावीत.

इथे कायद्याचा विषय टाळता येत नाही. कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ आणि समुद्रपंखे भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा त्यांचे दगड उचलून आणणे हा गुन्हा आहे, मग ते मेलेले का असेनात. त्यामुळे माझ्या टाकीत कोरड्या मानवनिर्मित दगडांवर वाढणारे मऊ प्रवाळ आहेत: मशरूम, झोअँथिड आणि एक लेदर कोरल. विक्रेत्याकडून आयातीची कागदपत्रे मागून घ्यावीत आणि तो ती दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर खरेदी करू नये. मऊ प्रवाळांच्या टाकीत कॅल्शियमचा वापर कमी असतो. माझ्याकडे मुख्यतः गुलाबी शैवाल आणि गोगलगाईच तो करतात आणि अल्कलिनिटी दिवसाला 0.3 डीकेएचच्या आसपास उतरते. यापेक्षाही कमी वापर असलेल्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तरी सगळे भागते आणि वेगळे रसायन घालण्याची गरजच उरत नाही. परदेशातल्या कठीण प्रवाळांच्या टाक्यांचे व्हिडिओ पाहून तेवढ्या मात्रा आपल्या मऊ प्रवाळांना देणे निव्वळ व्यर्थ आहे.

जिथे भर घालावी लागते, तिथे ती कशी घालायची हे खानदेशातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकमधून विद्राव्य खत रोज थोडे-थोडे दिले जाते, आणि कॅल्शियम नायट्रेट व सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खते एकाच टाकीत कधी कालवली जात नाहीत, कारण त्यांचा साका बसून ड्रिपर बंद पडतात. प्रवाळांच्या टाकीला हीच शिस्त जशीच्या तशी लागू पडते: कॅल्शियमचे द्रावण आणि कार्बोनेटचे द्रावण वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवायचे, टाकीत वेगवेगळ्या वेळी आणि जोराच्या प्रवाहात सोडायचे, आणि आठवड्याची मात्रा एका दिवशी द्यायची नाही.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. 200 लिटर पाण्याची अल्कलिनिटी एक डीकेएचने वाढवायला सहा ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो आणि त्याच्या जोडीचे कॅल्शियम सव्वापाच ग्रॅम डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइडमधून मिळते. सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नव्हे, कारण तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो आणि बऱ्याचदा फॉस्फेटही. घसरलेला आकडा वर आणताना दिवसाला एक डीकेएचपेक्षा अधिक चढवू नये. दोन्ही रसायने घाईने एकत्र पडली तर पाणी दुधासारखे पांढरे होते आणि महागात घेतलेले कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही वाळूत जाऊन बसतात. अशा वेळी आणखी काही घालण्याचा मोह टाळून पाणी निवळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मोजावे.

माझी स्वतःची पसंती चुन्याच्या निवळीला आहे. एका लिटर शुद्ध पाण्यात दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून झाकून ठेवले की काही तासांत गाळ तळाशी बसतो आणि वरचे स्वच्छ पाणी म्हणजे संपृक्त निवळी. तीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सांगाड्याला लागणाऱ्या प्रमाणातच असतात, मागे सोडियम किंवा क्लोराइड साठत नाही आणि टाकीचा सामूही थोडा वर राहतो. चुना खाद्य दर्जाचा, शुद्धतेचे प्रमाण छापलेला घ्यावा. पानाच्या टपरीवरच्या चुन्यात काय-काय असते, हे तो विकणाराही सांगू शकणार नाही. या निवळीचा सामू 12.4 च्या आसपास असतो, म्हणून ती डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये आणि टाकीत कधीही एकदम ओतू नये. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा सेट यासाठी उत्तम चालतो. बाटली टाकीच्या वर टांगायची, नळीचे टोक संपमधल्या खळाळत्या पाण्यावर धरायचे आणि चाकाने वेग ठरवायचा: दोन-तीन सेकंदांना एक थेंब, तोही रात्री, जेव्हा टाकीचा सामू आपोआप उतरलेला असतो. नळीच्या तोंडाशी पांढरा खडा धरतो आणि थेंब मंदावतात, तो आठवड्याने नखाने खरवडून काढावा.

सामूविषयी अनेकांना अतोनात काळजी असते, ती मला पटत नाही. 7.9 ते 8.3 या दरम्यान दिवस-रात्र होणारी हालचाल स्वाभाविक आहे. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, रात्री श्वसनाने तो परत येतो. सामू सतत 7.8 च्या खाली असेल आणि अल्कलिनिटी योग्य असेल, तर दोष पाण्यात नसून खोलीच्या हवेत असतो. एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत चार माणसे झोपली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तोच पाण्यात उतरतो. बाटलीतले सामू वाढवणारे औषध आणण्यापूर्वी खिडकी उघडून पाहावी किंवा प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढावी.

नायट्रेट दोन ते दहा आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम, एवढे असू द्यावे. दोन्ही शून्यावर आणण्याच्या अट्टहासापायी टाकीत तपकिरी, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात आणि ते हटवणे नायट्रेट कमी करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

वीज जाण्याचा प्रश्न मे महिन्यात रोजचाच. भारनियमन नसले तरी वळवाचा पाऊस आणि वावटळ यांनी तारा तुटतात. पाणी गरम असले की त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी हलवणाऱ्या पंपाचा, दुसरा पंख्याचा. दिवे बंद राहिले तरी प्रवाळांचे एक-दोन दिवसांत काही बिघडत नाही. मात्र काट्याचे यांत्रिक टायमर वीज गेल्यावर थांबतात आणि तेवढेच मागे पडतात. आठवडाभरात त्यांची रात्र सकाळी उगवू लागते आणि रात्री द्यायचे द्रावण भर उजेडात, सामू वर असताना, पडू लागते. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण डोसिंग पंपासाठी, म्हणजे ठरलेल्या वेळी द्रावण सोडणाऱ्या पंपासाठी, तोच घ्यावा.

चुन्याची निवळी वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात एक बाब आवर्जून तपासावी. अनेक जण सोय म्हणून एटीओच्या भांड्यातच चुना कालवून ठेवतात, म्हणजे उडालेल्या पाण्याबरोबर अल्कलिनिटीही भरून निघते. संपृक्त निवळीचा एक लिटर 200 लिटर पाण्याची अल्कलिनिटी सुमारे 0.57 डीकेएचने वाढवतो. मे महिन्यात पाच लिटर पाणी उडत असताना भांड्यात संपृक्त निवळी असेल, तर दिवसाला जवळजवळ 2.9 डीकेएच टाकीत पडेल. माझ्या टाकीच्या गरजेच्या हे नऊपटीहून अधिक आहे. तीव्रता मेच्या हिशेबाने कमी करून बेतली, तर जुलैमध्ये हवा दमट होऊन दिवसाला एक-दीड लिटरच पाणी उडते आणि तेवढ्याच प्रमाणात चुनाही कमी पडतो. पाऊस सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत अल्कलिनिटी का घसरली, म्हणून मिठाच्या बादलीला दोष देणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. म्हणून मी निवळी आणि साधे शुद्ध पाणी यांची भांडी वेगळी ठेवतो. सलाइनच्या सेटमधून रोज अर्धा लिटरभर निवळी जाते, ती बाराही महिने तेवढीच, आणि उन्हाळ्यात साडेचार लिटर असो वा पावसाळ्यात पाऊण लिटर, उरलेली तूट एटीओ शुद्ध पाण्याने भरून काढतो.